२१ दिवसांत व्यायामाची सवय लागते?

‘२१ दिवस नेटाने या, मग सवयच लागेल’ हे ग्रुप फिटनेसच्या वर्गात हमखास ऐकू येतं. त्याला आधार नाही. हा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगोवांगी ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी चक्क जोर-बैठका आल्या!

संशोधक फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला लागणाऱ्या दिवसांचा अंदाज थेट २५४ वर गेला. व्यायामाची सवय लागायला पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा जास्तच दिवस लागले. मधे एखादा दिवस बुडाला तरी फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी बुटाची नाडी बांधायचा कंटाळा आला, तर तेवढ्यावरून वर्ग सोडू नका.