दोनच मुलं, तरी लोकसंख्या वाढते कशी?

'दोन मुलांचा कायदा हवाच' हे वाक्य लोकलच्या गर्दीत हमखास ऐकू येतं. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, २.० वर आला आहे. महाराष्ट्राचा तर १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. हे सर्वेक्षण राबवणारी संस्था आपल्याच मुंबईत, देवनारला आहे.

तरीही देशाची लोकसंख्या वाढतेच आहे. याचं कारण लोकसंख्येचा संवेग, म्हणजे जननदर घटल्यावरही काही काळ चालूच राहणारी वाढ, आणि मला तर या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कागद घ्या. एका वस्तीत आजी-आजोबांच्या पिढीत १०० माणसं, आईवडिलांच्या २००, मुलांच्या ३००. एकूण ६००. आजपासून प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं. एक पिढी सरली की आजचे आजी-आजोबा नसतील. उरले २०० आणि ३००, त्यात नवी ३०० मुलं. झाले ८००. आणखी एक पिढी, आणि ३००-३००-३००, म्हणजे ९००! नियम कुणीही मोडला नाही, तरी वस्ती दीडपट. किती बाळं जन्मणार हे जोडपी किती यावरही ठरतं, आणि उद्याचे आईबाप आजच जन्मलेले आहेत. कुठलाही कायदा आता त्यांची संख्या कमी करू शकत नाही.

सरकारला बदलता येतं ते दोन पिढ्यांमधलं अंतर. बाळंतपणाचं सरासरी वय वीस असेल तर शतकात पाच पिढ्या, पंचवीस असेल तर चार. म्हणून मुलगी बारावीपुढे शिकणं हे लोकसंख्या धोरणच आहे. आपल्याकडे अजूनही सर्वाधिक वापर स्त्री-नसबंदीचा; पाळणा लांबवणाऱ्या तांबीकडे दुर्लक्ष होतं, याची मला चीड येते. आणि मुलगा व्हावा म्हणून नवस बोलणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की बाळाचं लिंग पित्याच्या शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कुटुंबनियोजन समवर्ती सूचीत आलं, म्हणजे जबाबदारी केंद्राची आणि राज्याचीही. प्रसूतिगृहं मात्र महापालिका चालवते, आणि तिथे सरासरी आकडे फसवतात. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर घसरली, तर उपनगर जिल्ह्याची ८६.४ वरून ९३.६ लाखांवर गेली. प्रसूतिगृहातल्या खाटा आणि बालवाड्या कुठे वाढवायच्या, वृद्धांसाठी दवाखाने कुठे, हे वॉर्डनिहाय वयोगट पाहूनच ठरवायला हवं.