गोकाकची घळई

बेळगाव जिल्ह्यातील (कर्नाटक) गोकाक तालुक्यात घटप्रभा नदीने वालुकाश्मात कोरलेली खोल, अरुंद दरी. गोकाक शहरापासून सुमारे 6 किमी.वर नदी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून सुमारे 52 मी. खाली कोसळते. पुराच्या वेळी धारेची रुंदी 177 मी.पर्यंत भरते. खडक कलादगी समूहातील (प्राचीन गाळखडकांचा एक गट) आहे. त्याचे थर जवळपास आडवे असून त्यांत उभे सांधे (नैसर्गिक भेगा) आहेत. पाण्याच्या माऱ्याने पायथा पोखरला की आधार सुटलेले ठोकळे सांध्यांवरून निखळतात. म्हणूनच कडा उतरता न होता ताठ राहतो.

येथे 1887 मध्ये भारतात प्रथमच जलविद्युत निर्माण झाली, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. हे विधान जपूनच घ्यावे. गोकाक येथील सूतगिरणीची कंपनी 1885 ची. घळईच्या तळाशी बसवलेल्या टर्बाइनांची गती सुरुवातीला दोरांच्या साहाय्याने वर गिरणीपर्यंत नेली जाई. म्हणजे ती यांत्रिक शक्ती होती, वीज नव्हे. जलविद्युतीच्या आरंभाचा मान सामान्यतः दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग वीजकेंद्राला (1897) दिला जातो, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. ‘जलशक्ती’ आणि ‘जलविद्युत’ यांची गल्लत झाली असावी.

धबधब्याच्या माथ्याजवळ नदीवर झुलता पूल आहे (लांबी सुमारे 201 मी., खडकापासून उंची 14 मी.). तो दुरुस्तीसाठी किंवा पुरात बंद ठेवला जातो, त्यामुळे पलीकडे जाता येईलच असे धरून चालू नये. काठावरील महालिंगेश्वर मंदिर उत्तरकालीन चालुक्य शैलीचे असून साधारणतः अकराव्या-बाराव्या शतकातले मानतात. जवळच्या कोन्नूर गावालगत महापाषाणयुगीन शिलागृहे (मोठ्या शिळांची दफनस्थाने) आहेत.

घळई पाहायची ती काठावरून, पायी. तळाचे ठोकळे व उसळते पाणी यांमुळे नाव चालत नाही. जुलै ते ऑक्टोबर हा काळ योग्य. उन्हाळ्यात वरच्या धुपदाळ बंधाऱ्यातून पाणी कालव्यात वळत असल्याने कडा बहुधा कोरडाच दिसतो. पावसाळ्यातला धोका वेगळा : गोकाकला ऊन असले तरी आजरा-आंबोलीकडे झोड उठली की हिरण्यकेशी नदीचे पाणी चढते. ती घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते, म्हणून धरणाचे दरवाजे बंद असले तरी हा लोंढा अडत नाही. पाणी गढूळ होऊ लागले किंवा काडीकचरा वाहून येऊ लागला की माथ्यावरच्या खडकांवरून लगेच मागे फिरावे. शेवाळलेल्या लादीवर रबरी चपला घसरतात. कडेला कठडा सर्वत्र नाही.

मिरज–लोंढा मार्गावरील घटप्रभा स्थानकावरून कोन्नूरमार्गे रस्त्याने यावे. बसवरील पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात; वाहकाला ‘गोकाक फॉल्स’ म्हटले की पुरते. मार्कंडेय नदीवरील दोन टप्प्यांचा गोडचिनमलकी धबधबा याच तालुक्यात आहे.