डिस्क-विभाजनाची मर्यादा (ड्युअल बूट संगणक)

एकाच हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा विंडोज आणि लिनक्स, बसवताना डिस्कचे किती आणि केवढे भाग पाडता येतील यावर पार्टिशन टेबलाच्या (डिस्कवरील भागांची, म्हणजे पार्टिशनांची, यादी) रचनेमुळे पडणारे बंधन. जुन्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीत प्रायमरी, म्हणजे या टेबलात थेट नोंदलेली, पार्टिशने चारच असू शकतात.

हा आकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये (साठवणीचा लहानात लहान तुकडा) ठरतो. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या बूट कोडसाठी आणि शेवटचे २ ओळखखुणेसाठी राखलेले असतात. मधल्या ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी, दर पार्टिशनाला एक, बसतात. ही मांडणी मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर, पीसी डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममधून आली. नोंदी चारच का, याबद्दल एकवाक्यता नाही. जागेची टंचाई हे नेहमीचे उत्तर. मात्र सुरुवातीचा बूट कोड आपल्या वाट्याचे ४४६ बाइटही पुरते भरत नसे. दुसऱ्या मतानुसार १० मेगाबाइटच्या त्या डिस्कवर डॉसशेजारी सीपी/एम-८६ सारख्या प्रणालींनाही जागा मिळावी, हा हेतू होता. त्या वेळचे एफडिस्क हे डिस्क विभागण्याचे साधन डॉसला एकच पार्टिशन पाडू देई, हे पाहता हे मत अधिक पटते. तसे असेल तर आज ड्युअल बूटला आडवी येणारी ही रचना मुळात त्याच्याच सोयीसाठी होती.

एक्स्टेंडेड पार्टिशनची भर १९८७ च्या सुमारास, सामान्यतः डॉस ३.३ पासून, धरतात. काही जण ३.२ चा उल्लेख करतात. चारपैकी एक नोंद ते अडवते, पण त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशनांची साखळी करता येते. प्रत्येक कडीचे छोटे टेबल पुढच्या कडीचा पत्ता सांगते. लिनक्समध्ये लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक पाचपासून सुरू होतात, मग प्रायमरी एकच का असेना. लिनक्स लॉजिकल पार्टिशनवरूनही चालते. विंडोजला सुरू होण्यासाठी ॲक्टिव्ह (बूटसाठी निवडलेले) प्रायमरी पार्टिशन लागते.

विंडोज ७ च्या काळातील अनेक लॅपटॉपांत सिस्टिम, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि निर्मात्याची साधने अशी चारही घरे आधीच भरलेली असत. सी ड्राइव्ह आकसून मोकळी केलेली जागा मग दिसे, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती वापरता येत नसे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवे पार्टिशन करू गेल्यास डिस्क ‘डायनॅमिक’ (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करण्याची विचारणा होई; तिला होकार दिला की लिनक्सची वाट बहुधा बंदच. रिकव्हरी डीव्हीडी करून ठेवून ते पार्टिशन पुसणे, हा रूढ उपाय.

आकाराची मर्यादा वेगळी. सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर सुमारे २.२ टेराबाइटपुढे एमबीआर पोचत नाही.

नव्या जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) पद्धतीत पत्ता ६४ बिटांचा आणि नोंदी सामान्यतः १२८ असतात. विंडोज मात्र जीपीटी डिस्कवरून केवळ यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले, संगणक सुरू करणारे फर्मवेअर) पद्धतीनेच सुरू होते. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेले एमबीआर२जीपीटी हे साधन डिस्क न पुसता रूपांतर करते. पण तेही प्रायमरी पार्टिशने तीनपेक्षा जास्त असल्यास किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन आढळल्यास नकार देते.