फिजिशियन असिस्टंटची पदवी: अमेरिकेतल्या अर्जाचं गणित

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधंही लिहून देतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात नौदलातल्या चार माजी वैद्यकीय सहाय्यकांना घेऊन हे शिक्षण सुरू झालं. आज ही पदव्युत्तर पदवी आहे. साधारण सव्वादोन वर्षं लागतात. आधी वर्ग, मग रुग्णालयातल्या रोटेशन्स, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने प्रत्यक्ष काम.

कॉलेज निवडताना रँकिंगच्या आधी एआरसी-पीए या संस्थेची मान्यता बघा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय पॅन्स ही राष्ट्रीय परीक्षा देता येत नाही आणि ती पास झाल्याशिवाय परवाना नाही. दुसऱ्या देशात डॉक्टर झालेल्यांनाही यातून सूट नाही. नव्या अभ्यासक्रमाची मान्यता ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरती असली, तरी तिथले पदवीधर परीक्षेला बसू शकतात.

पात्रतेसाठी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची बॅचलर पदवी चालते, पण शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय झालेले हवेत. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा काही कॉलेजं मागतात, काही नाही. परदेशातल्या गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. तरीही हे विषय अमेरिकेतच शिकलेले हवेत, अशी अट काही कॉलेजं घालतात. मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी तेवढं विचारून घ्या.

खरी अडचण तासांची. रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव अनेक कॉलेजं हजार तासांच्या घरात किंवा त्याहून जास्त मागतात. ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा आपत्कालीन सेवक), मेडिकल असिस्टंट, नर्सिंग असिस्टंट म्हणून केलेलं काम यात धरतात. दवाखान्यात फक्त रिसेप्शनवर बसला असाल, तर ते अर्जातल्या ‘हेल्थकेअर’ अनुभवाच्या वेगळ्या रकान्यात जातं. पीएच्या मागे राहून काम बघणं, म्हणजे शॅडोइंग, त्याचा रकाना तिसरा. इथली सरमिसळ लगेच लक्षात येते, म्हणून तारखा, तास आणि वरिष्ठांचा संपर्क पहिल्या दिवसापासून वहीत टिपून ठेवा.

बहुतेक अर्ज कॅस्पा या एकाच पोर्टलवरून जातात. ते एप्रिलच्या अखेरीस उघडतं. अमेरिकेत शिकला असाल, तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, त्या कॉलेजकडून थेट तिथे पोहोचावी लागते. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात आणि त्यातलं एक पीए किंवा डॉक्टरचं असलेलं बरं. स्वतःविषयीच्या निबंधाला ५,००० कॅरेक्टरची मर्यादा आहे. एखादा विषय पुन्हा देऊन गुण सुधारले असले, तरी सरासरीत दोन्ही वेळचे गुण धरले जातात. हे अनेकांना फार उशिरा कळतं.

शेवटच्या तारखेचा अर्थही प्रत्येक कॉलेजचा वेगळा. कुणाला त्या दिवसापर्यंत अर्ज नुसता सबमिट झालेला चालतो, कुणाला ट्रान्सक्रिप्ट आणि पत्रांसह पूर्ण हवा असतो, तर कुणाला कॅस्पाने पडताळलेला. पडताळणीत काही आठवडे जाऊ शकतात. त्यात बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत जागा भरत जातात. मुदत शरदात संपत असली, तरी माझ्या मते जूनअखेर अर्ज गेलेला असावा.