बाटलीवरचा ५० आणि चेहऱ्यावरचा ५०

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या किंवा राजारामपुरीतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सनस्क्रीन मागितले, की पुष्कळदा काउंटरवर मॉइश्चरायझर येते, त्यावर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, अंक छापलेला असतो आणि ‘ह्यात सगळंच आलं की ताई, वेगळं कशाला घेताय’ हा सल्ला वर फुकट मिळतो. फाउंडेशन, बीबी क्रीम आणि कॉम्पॅक्ट हीदेखील याच बोलीवर विकली जातात. मग रोज सकाळी दुचाकीवरून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारी मुलगी मनातल्या मनात बेरीज करते: मॉइश्चरायझरचे १५, फाउंडेशनचे २०, कॉम्पॅक्टचे १५, झाले ५०. ही बेरीज मुळातच चुकीची आहे, आणि कितीदा सांगितले तरी ती पुन्हा कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतेच, म्हणून हा विषय एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे.

मॉइश्चरायझरविषयी फार सांगण्याची गरज नाही. थंडीत कोरड्या पडणाऱ्या गालांना साय किंवा खोबरेल तेल चोळत आलेल्या घरांना त्याचे काम ठाऊक आहे. ते त्वचेतले पाणी टिकवते, त्वचा मऊ ठेवते, आणि ते थोडे कमी लागले किंवा नाकाच्या कडेला लावायचे राहिले, तर तेवढाच भाग कोरडा वाटण्यापलीकडे काही बिघडत नाही. मेकअपचेही तसेच आहे. रंग एकसारखा दिसला की त्याचे काम झाले, आणि जाणकार हात तो जितका पातळ लावेल तितके त्याचे कौतुक होते. सनस्क्रीन मात्र नेमके याच्या उलट्या नियमाने चालते.

एसपीएफचा अंक हा बाटलीतल्या पदार्थाचा अंगभूत गुण आहे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो एका ठरावीक जाडीच्या थराचा गुण आहे. प्रयोगशाळेत हा अंक काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरवर २ मिलिग्रॅम इतके उत्पादन मोजून पसरवतात आणि त्यानंतर ती त्वचा लालसर होण्यासाठी उघड्या त्वचेच्या किती पट अतिनील मारा लागतो, ते पाहतात. तीस पट लागला तर एसपीएफ ३०, पन्नास पट लागला तर एसपीएफ ५०. म्हणजे डब्यावर जो अंक छापलेला आहे तो या २ मिलिग्रॅमच्या थराला मिळालेला आहे, आणि थर त्याहून पातळ असेल तर तो अंक त्या थराला लागू होत नाही. भिंतीला रंग देणारा कारागीर दुप्पट पाणी घालून एकच हात मारून गेला, तर डब्यावर छापलेली हमी दाखवून भिंत झाकली जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता हे २ मिलिग्रॅम घरच्या मापात आणू. चेहरा, कान आणि गळा मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर क्षेत्र धरले, तर एका वेळेला १.२ ग्रॅम सनस्क्रीन लागते. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या ५ मिलिलिटरच्या चमच्याचा हा पाव भाग होय, किंवा तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा. वाटाण्याएवढा ठिपका काढून तो साऱ्या चेहऱ्यावर पुरवणे ही काटकसर तळहातावर ठीक दिसते, पण तिच्यात सनस्क्रीनचा उपयोग फारसा उरत नाही. लोक साधारणपणे किती लावतात हे अनेक ठिकाणी मोजले गेले आहे आणि ते प्रमाण आवश्यक मात्रेच्या पाव ते निम्मे इतकेच भरते. थर निम्मा झाला की संरक्षणही निदान निम्म्यावर येते, आणि काही मापनांत ते त्याहूनही वेगाने घसरलेले दिसते.

स्वतःची मात्रा पुरेशी आहे की नाही, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दिनदर्शिका पुरते. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा, पूर्ण मात्रेत, चेहऱ्याला आणि गळ्याला लावली तर सुमारे ४० दिवसांत संपली पाहिजे. गुढीपाडव्याला आणलेली ट्यूब गणपतीपर्यंत पुरली असेल, तर तिच्यावरचा अंक एकदाही चेहऱ्यावर उतरलेला नाही. हाच हिशेब फाउंडेशनला लावून पाहावा. ३० मिलिलिटरची बाटली एसपीएफच्या हमीनुसार वापरायची तर ती जेमतेम २५ दिवस टिकेल, आणि त्या मात्रेत फाउंडेशन लावलेली स्त्री कोणत्या वेशात दिसेल याची कल्पना वाचकांनीच करावी. १० ग्रॅमचे कॉम्पॅक्ट तर या न्यायाने आठवडाभरानंतर रिकामे व्हायला हवे, प्रत्यक्षात ते पर्समध्ये वर्षभर नांदते. म्हणून कॉम्पॅक्टवर छापलेला एसपीएफ मी सजावटीत जमा करते.

यावरून एसपीएफ असलेले मॉइश्चरायझर फसवे किंवा बोगस असते, असा अर्थ कोणी काढू नये. त्याचीही चाचणी त्याच २ मिलिग्रॅमच्या थरावर होते, आणि ३० अंकाचे मॉइश्चरायझर कोणी खरोखर पाव चमचा घेऊन नीट पसरवले, तर ते ३० अंकाच्या सनस्क्रीनइतकेच संरक्षण देईल. अडचण सवयीची आहे. डब्यावर मॉइश्चरायझर असे लिहिले, की आपला हात मॉइश्चरायझरच्याच मात्रेत उचलतो आणि मॉइश्चरायझरच्याच बेफिकिरीने फिरतो. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे अतिनील छायाचित्रांतून दिसले. तीच माणसे सनस्क्रीन लावताना चेहऱ्याचा सरासरी ११.१ टक्के भाग विसरत होती, तर एसपीएफ असलेले मॉइश्चरायझर लावताना १६.६ टक्के, आणि सर्वाधिक उपेक्षा पापण्यांची होत होती. त्यामुळे माझा कौल स्पष्ट आहे. मॉइश्चरायझर साधे घ्यावे, सनस्क्रीन वेगळे घ्यावे, आणि दोन्हींचे पैसे परवडत नसतील तर मॉइश्चरायझर सोडावे. बहुतेक सनस्क्रीनच्या मिश्रणात त्वचा मऊ ठेवणारे घटक असतातच, आणि जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत तेलकट त्वचेच्या माणसाला वेगळ्या मॉइश्चरायझरची गरजही नसते.

बेरजेचा प्रश्नही याच मुद्द्यातून सुटतो. १५, २० आणि १५ हे तीन अंक तीन स्वतंत्र, पूर्ण जाडीच्या थरांना मिळालेले आहेत, आणि चेहऱ्यावर त्यांपैकी एकही थर पूर्ण नसतो. पाव मात्रेत लावलेले १५ अंकाचे मॉइश्चरायझर फार तर तीन-चार इतकेच काम करते. त्यावर फाउंडेशन आले की थोडी भर पडते, हे मान्य, पण ती भर किती पडली हे डब्यांवरचे आकडे मिळवून कळत नाही. व्यवहारात, पुरेशा मात्रेत लावलेल्या थरांपैकी ज्याचा अंक सर्वांत मोठा तोच धरावा आणि बाकीच्यांना हिशेबातून वगळावे. ज्यांना एकदम पाव चमचा चेहऱ्यावर घेणे जड वाटते, त्यांनी तीच मात्रा दोन हप्त्यांत लावावी. पहिला हात बसू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. याने सुटलेल्या जागाही भरून निघतात.

मला सर्वांत जास्त चीड येते ती तळहातावर सनस्क्रीन आणि फाउंडेशन एकत्र कालवून लावण्याच्या प्रकाराची. सनस्क्रीनचा थर एकसंध बसावा म्हणून त्याचे मिश्रण कारखान्यात जुळवलेले असते. त्यात दुसरे द्रव मिसळले की मात्रा पातळ होते, थराला भेगा पडतात आणि काही अतिनील गाळक घटक दुसऱ्या उत्पादनातल्या घटकांच्या सहवासात उन्हात लवकर निकामी होतात. दोन मिनिटे वाचवण्यासाठी दोन्ही वस्तू वाया घालवण्याचा हा उद्योग आहे.

क्रमाविषयी वाद घालण्यासारखे काही नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध असेल तर ते प्रथम, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि प्रायमरसह (मेकअपखालचा पहिला थर) सगळा मेकअप त्यानंतर. प्रत्येक थरानंतर काही मिनिटे जाऊ द्यावीत. सनस्क्रीनवर फाउंडेशन चोळल्यावर ज्या बारीक गोळ्या निघतात, त्या खालचा थर ओला असल्याने किंवा वरचा थर रगडल्याने निघतात, सनस्क्रीन खराब असल्याने नव्हे. स्पंजने टिपत गेल्यास त्या सहसा निघत नाहीत.

दुसरा फरक लहान असला तरी सांगितला पाहिजे. एसपीएफचा अंक मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांविषयी बोलतो. त्वचा काळवंडण्यास आणि अकाली सुरकुतण्यास मोठा हातभार लावणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी डब्यावरची पीए (PA) ही अक्षरे आणि त्यांपुढील अधिक (+) चिन्हे पाहावीत, ती चारपर्यंत असतात. यूव्हीबी साध्या काचेत बहुतांशी अडतात, यूव्हीए त्यातून आत येतात, म्हणून सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसणाऱ्या किंवा दिवसभर शाहूपुरीतल्या कचेरीत काचेलगत काम करणाऱ्या व्यक्तीने आपण सावलीत आहोत असे समजू नये. मेकअपच्या डब्यावर एसपीएफ मोठ्या अक्षरांत असतो, पीए मात्र कित्येकदा नसतोच.

मेकअपला एक श्रेय मात्र द्यायला हवे. आपल्या सावळ्या त्वचेवर वांग येतो, तो केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, दृश्य प्रकाशही त्याला खतपाणी घालतो, आणि साधे पांढरे सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. तो अडवतात लोहाची ऑक्साइडे, म्हणजे फाउंडेशनला त्वचेचा रंग देणारी रंगद्रव्ये. त्यामुळे वांग असलेल्या स्त्रीने पूर्ण मात्रेतल्या सनस्क्रीनवर फाउंडेशन लावले, तर तिला त्याचा खरा फायदा होतो, फक्त तो फायदा एसपीएफच्या अंकातून आलेला नसतो. रंगछटा असलेले सनस्क्रीन मिळाले तर आणखी उत्तम, आणि चेहऱ्यावर पांढरट थर दिसण्याची तक्रारही त्यातून मिटते.

‘आपल्याकडे पावसाळ्यात ऊन कुठे असते’ हा युक्तिवाद कोल्हापुरात फार ऐकू येतो. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य येथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पंचगंगा पात्राबाहेर असण्याचे जे दिवस, तेच हे दुसरे दिवस. काळ्याकुट्ट ढगांनी अतिनील किरण खूपच कमी होतात हे खरे, परंतु पातळ ढगांतून त्यांतले बरेचसे खाली पोचतात, आणि उघडीप पडली की कडक ऊन समोर उभे राहते. याउलट संध्याकाळी सूर्य कलल्यावर रंकाळ्यावर फिरायला जाताना किंवा रात्रीच्या स्वागत समारंभाला सनस्क्रीन लावण्याची गरज नाही. झिंक किंवा टायटॅनियम असलेले सनस्क्रीन फ्लॅशच्या उजेडात चेहरा पांढरा दाखवते, ही मेकअप करणाऱ्यांची तक्रार रास्त आहे, पण ती रात्रीपुरती. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला उघड्या मांडवात उभ्या राहणाऱ्या नवरीला त्याच कारणाने सनस्क्रीन नाकारणे मला पटत नाही.

राहिला प्रश्न दुपारी पुन्हा लावण्याचा. बाहेर उन्हात असाल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यानंतर लगेच, हा नियम आहे. मेकअपवर तो पाळणे कठीण जाते, हे कोणीही प्रामाणिकपणे कबूल करील. टिपकागदाने तेल टिपून घ्यावे आणि पातळ सनस्क्रीन स्पंजवर घेऊन, न चोळता, दाबत लावावे, एवढे जमते. पावडर आणि फवारा यांतून पुरेशी मात्रा क्वचितच बसते, म्हणून त्यांवर विसंबू नये. जोतिबाच्या यात्रेला किंवा शेतावर दिवसभर जायचे असेल, तर त्या दिवशी मेकअपच करू नये. दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट ही चांगली साधने आहेत, मात्र स्कार्फ गालावर घासून आणि घामाने सनस्क्रीन पुसत राहतो, तेव्हा कामाच्या ठिकाणी पोचल्यावर, स्कार्फ सोडल्यानंतर, एक हात पुन्हा द्यावा. स्कार्फ घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा असावा, विरळ फिकट सुती कापडातून बरेच किरण आत शिरतात.

ट्यूब पर्समध्ये ठेवावी, गाडीच्या डिकीत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी चांगलीच तापते आणि त्या उष्णतेने सनस्क्रीन मुदतीआधीच बिघडते. उघडल्यावर पाणी आणि क्रीम वेगळे पडलेले दिसले किंवा वास बदललेला वाटला, तर मुदत शिल्लक असली तरी ती ट्यूब टाकून द्यावी.