नव्या आयुक्तालयातली पोलीस शिपाई भरती: मैदान मारूनही कागदांवर अडकणाऱ्यांसाठी

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालं आणि मिरा-भाईंदर, वसई-विरार १ ऑक्टोबर २०२० रोजी. तेव्हापासून एक गैरसमज फिरतोय: नवं आयुक्तालय आहे, तिथं थोडं इकडेतिकडे चालून जाईल. अजिबात चालत नाही. पाटी नवी असली तरी माणसं जुनी आहेत. पिंपरीचं मनुष्यबळ पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधून आलं, वसई-विरारचं ठाणे ग्रामीण आणि पालघरमधून. कागदपत्रांच्या टेबलावर बसणारा हवालदार अशा कैक भरत्या बघून आलेला असतो. तो दाखला वरून वाचतच नाही. आधी खालचा शिक्का, मग तारीख, मग सही, आणि शेवटी तुमचं नाव. शिवाय नियम आयुक्तालयाचे नसतात, ते राज्याचे असतात. वरून सूत्रं हलतात ती अपर पोलीस महासंचालक, प्रशिक्षण व खास पथके यांच्या कार्यालयातून.

पात्रता थोडक्यात: बारावी उत्तीर्ण, वय १८ ते २८ (मागासवर्गीयांना ३३ पर्यंत). उंची मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५ सेंमी. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त. अधिवास महाराष्ट्राचा हवा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना वेगळी सवलत आहे, त्यांनी जाहिरातीतलं ते कलम नीट वाचावं. आधी ५० गुणांची मैदानी, तीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जण १०० गुणांच्या लेखीला. लेखीत ४० टक्के लागतातच.

पहिला खड्डा घटक निवडण्याचा, म्हणजे कुठल्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस दलात भरायचं ते ठरवण्याचा. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शिपाई पदाचा अर्ज पिंपरीत आणि चालक पदाचा दुसरीकडे, हे चालतं. शिपाई पदाचाच पिंपरीत एक आणि ठाण्यात एक, हे नाही. दुसरा मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल देऊन केलेली हुशारी सापडते. २०२४ मध्ये अशा उमेदवारांकडून हमीपत्रं भरून घेतली गेली आणि ऐन तयारीच्या दिवसांत पोरं त्यात गुंतून पडली. घटकाचा तुमच्या राहत्या पत्त्याशी संबंध नाही. चाकणला राहणारा नागपुरातही भरू शकतो. पण त्या घटकाचा जागांचा तक्ता आधी बघा. तुमच्या प्रवर्गाला तिथं किती जागा आहेत, समांतर आरक्षणात (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरे) काय उरतं, एखाद्या रकान्यात शून्य तर नाही ना? मित्रानं भरला म्हणून तिथंच भरणारे पुष्कळ असतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो दाखला, नॉन क्रिमीलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या उमेदवाराच्या घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा कागद. सर्वांत जास्त पोरं इथं गळतात. जाहिरातीत नमूद केलेल्या तारखेला तो वैध असावा लागतो, आणि त्याची मुदत ज्या ३१ मार्चला संपते ती दाखल्यावरच लिहिलेली असते. बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत. सेतूत अर्ज केल्याची पावती म्हणजे दाखला नव्हे, आणि "साहेब, प्रांत ऑफिसला सहीला गेलाय" हे वाक्य त्या टेबलावर दिवसभर ऐकू येतं. जाहिरात आली की सगळा तालुका एकदम सेतूत धावतो, सर्व्हर झोपतो, लिपिक उद्या या म्हणतो. ह्या गर्दीची सोय आधी करावी, असं कुणाला वाटत नाही. तेव्हा जाहिरातीची वाट पाहू नका; एप्रिल उजाडला की नवीन दाखल्याचा अर्ज टाका. उत्पन्न आठ लाखांच्या वर जातं म्हणून घाबरून अर्जच न करणारेही भेटतात. इतर मागासवर्गासाठी हे उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. घरी शिक्षक किंवा शेतकरी असेल तर सेतूवाल्याच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका, तहसीलमध्ये विचारा. ईडब्ल्यूएसचा (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या दाखल्याचा) हिशोब मात्र उलटा, तिथं सगळंच धरतात. दोन्हींत गल्लत केलीत तर हातात चुकीचा कागद येतो.

मुलींसाठी दोन गोष्टी. खुल्या प्रवर्गातल्या महिला आरक्षणासाठी नॉन क्रिमीलेअरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयानं काढली आहे, तरी अजून कुणीतरी सांगतं म्हणून मुली तो काढत बसतात. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती यांतल्या मुलींना मात्र तो लागतोच. दुसरं, लग्न झालेल्यांचं नाव. बारावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, जातीचा दाखला वडिलांकडून आलेला. या तिन्ही कागदांना जोडणारा चौथा कागद लागतो: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र. बहुतेकींकडे हाच नसतो. लग्नपत्रिका दाखवणाऱ्याही येतात. ताई, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आजच नोंदणी करून टाका, नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावा.

जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राच्या नाही. फोटो, सही आणि झेरॉक्सचे संच ही किरकोळ कामं आहेत, पण आधारवरची आणि अर्जातली जन्मतारीख जुळवून बघा.

मैदानावर मापात गडबड वाटली तर तिथल्या तिथे, त्याच दिवशी अपील करा. घरी येऊन अर्ज लिहीत बसलात तर कुणी ऐकत नाही. लेखीत कॉपीचा विचार तर सोडूनच द्या. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्याच परीक्षेत एका उमेदवाराच्या मास्कमध्ये लपवलेलं यंत्र झडतीत सापडलं होतं, आणि तेव्हापासून झडती जास्तच कडक झाली आहे.

निवड यादीत नाव आलं की वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. तिथल्या साक्षांकन नमुन्यात (स्वतःची माहिती भरून सही करून द्यायच्या अर्जात) गुन्ह्याबद्दलचा रकाना असतो. गावच्या भांडणात नाव गुंतलं होतं, नंतर समेट झाला, सुटलो, म्हणून "नाही" लिहू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात ही गोष्ट तपशिलानं मांडली आहे: किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर नियोक्ता विचार करू शकतो, माहिती दडवली तर तीच नोकरीच्या मुळावर येते. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, निकालाची तारीख असं सगळं लिहा आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज भरतानाच वकिलाकडे चक्कर मारा.