आयन-संवेदी क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर

द्रवातील आयनांच्या, मुख्यतः हायड्रोजन आयनांच्या, प्रमाणातील बदल थेट विद्युत् संकेतात उतरवणारा अर्धवाहक संवेदक. आयएसफेट हे त्याचे रूढ लघुनाव आहे. नेहमीच्या धातू-ऑक्साइड-अर्धवाहक ट्रान्झिस्टरमध्ये द्वाराच्या (गेटच्या) धातूवर दिलेल्या विद्युत् दाबामुळे खालच्या सिलिकॉनमधील प्रवाह कमी-जास्त होतो. आयएसफेटमध्ये हा धातूचा थर नसतो. विद्राव थेट ऑक्साइडसारख्या निरोधक थराला भिडतो आणि त्यांच्या सीमेवर निर्माण होणारे वर्चस् (विद्युत् पातळी) प्रवाहाचे नियंत्रण करते.

या साधनाचा पहिला वृत्तांत नेदरलँड्समधील अभियंते पीट बेर्गव्हेल्ड यांनी १९७० मध्ये एका छोट्या टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केला. आइंटहोवन येथे विद्युत् अभियांत्रिकी शिकून ते ट्वेंटे येथील नव्या तंत्र विद्यापीठात आले होते आणि मज्जातंतूंभोवतीच्या आयनांच्या हालचाली मोजणे हा त्यांचा मूळ हेतू होता. जपानमधील सेंदाई येथे तादायुकी मात्सुओ यांचा गटही साधारण त्याच सुमारास याच दिशेने काम करीत होता; मात्सुओ आणि केन्सल वाइज यांचा सिलिकॉन नायट्राइडचा थर वापरणारा लेख मात्र १९७४ चा आहे. प्रसिद्धीच्या क्रमाने अग्रमान बेर्गव्हेल्ड यांच्याकडे जातो. तथापि साधन विश्वासार्ह होण्यात नायट्राइडच्या थराचा वाटा मोठा आहे आणि अनेक संक्षिप्त इतिहासांत तो पुरेसा नोंदवला जात नाही.

सुरुवातीचा सर्वांत तीव्र वाद संदर्भ विद्युत् अग्राच्या, म्हणजे विद्रावात बुडवलेल्या स्थिर वर्चसाच्या इलेक्ट्रोडच्या, गरजेविषयी झाला. बेर्गव्हेल्ड यांनी आपल्या पहिल्या मापनांत असे अग्र वापरले नव्हते आणि तोच या साधनाचा मोठा फायदा मानला गेला. शरीरात घालायच्या अतिसूक्ष्म सुईवर आणखी एक द्रवभरित अग्र बसवण्याची अडचण टळणार होती. यावर अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील यीर्झी यानाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की, विद्रावाचे वर्चस् कशाने तरी निश्चित केल्याशिवाय द्वाराचे मंडल पूर्णच होत नाही. तसे न केल्यास विद्राव विद्युत् दृष्ट्या मोकळा राहतो आणि गळती प्रवाह व आजूबाजूच्या धारिता यांच्या आधारे कोठे तरी स्थिरावतो. मग दिसणारा प्रतिसाद आयनांचा की वेष्टनातील गळतीचा, हे सांगता येत नाही. हा आक्षेप भौतिकीच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक आहे आणि पुढे ट्वेंटे येथील कामातही संदर्भ विद्युत् अग्र सर्रास वापरलेले दिसते.

दुसरा प्रश्न प्रतिसादाच्या कारणाचा होता. काचेच्या पटलाप्रमाणे आयन ऑक्साइडच्या थरात शिरत असावेत, असे प्रारंभी काहींना वाटले. परंतु थर नॅनोमीटरच्या मापाने वाढवला तरी प्रतिसादाचा वेग त्या प्रमाणात मंदावत नाही, हे या कल्पनेला अडचणीचे ठरते. आज मान्य असलेले स्पष्टीकरण कलिल-रसायनशास्त्रातून आले : ऑक्साइडच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन (हायड्रोजन आयन) देऊ किंवा घेऊ शकतात आणि त्यामुळे पृष्ठभागावर ऋण किंवा धन भार येतो. येट्स, लेव्हिन आणि हीली यांनी १९७४ मध्ये ऑक्साइडांसाठी मांडलेले हे प्रतिमान ल्यूक बूस, निको डी रोय आणि बेर्गव्हेल्ड यांनी १९८३ मध्ये आयएसफेटला लावून दाखवले. २५° से. तापमानाला सैद्धांतिक कमाल उतार, म्हणजे पीएच (आम्लतेचे माप) एका एककाने बदलल्यावर होणारा वर्चसाचा बदल, सुमारे ५९ मिलिव्होल्ट असतो. सिलिकॉन डाय-ऑक्साइडवर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ५ आणि टँटलम पेंटॉक्साइडवर सुमारे १० प्रोटॉनग्राही स्थाने धरली जातात, पण फरक केवळ संख्येचा नाही. ही स्थाने किती सहजपणे प्रोटॉन घेतात-देतात, म्हणजेच पृष्ठभागाची उभयप्रतिरोधी क्षमता किती, यावर उतार ठरतो. या क्षमतेला केंद्रस्थानी ठेवणारी व्हान हाल, आइकेल आणि बेर्गव्हेल्ड यांची १९९० च्या दशकातील मांडणी जुन्या मांडणीपेक्षा अधिक सुटसुटीत आहे. टँटलम पेंटॉक्साइडचा थर असलेली चकती (चिप) पीएच ४ च्या विद्रावातून उचलून, धुऊन पीएच ७ मध्ये बुडवली आणि मंडलातील प्रवाह स्थिर ठेवला, तर ट्रान्झिस्टरच्या उगमाचे (सोर्सचे) वर्चस् सुमारे १७० मिलिव्होल्टने सरकते. सिलिकॉन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत ते बरेच कमी सरकते. हा प्रयोग अंधारात करणे इष्ट, कारण सिलिकॉन प्रकाशालाही प्रतिसाद देते.

थरावर पटले चढवून इतर पदार्थांचे मापन करण्याचा मार्गही लवकरच खुला झाला. मॉस, यानाता आणि जॉन्सन यांनी १९७५ मध्ये व्हॅलिनोमायसिन या पोटॅशियम निवडून धरणाऱ्या पदार्थाच्या पटलाने पोटॅशियम मोजले, तर कारास आणि यानाता यांनी १९८० मध्ये विकर (एन्झाइम) बसवून पेनिसिलीन मोजले. प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिने थेट मोजण्याच्या आशेबाबत मात्र बेर्गव्हेल्ड स्वतःच साशंक झाले आणि १९९१ मध्ये त्यांनी तिचे परखड परीक्षण केले. रक्तासारख्या द्रवात विद्युत् भाराचा प्रभाव सुमारे ०.८ नॅनोमीटरनंतर झाकला जातो, तर प्रतिपिंडाचा आकार सुमारे १० नॅनोमीटर असतो. त्यामुळे प्रथिनाचा बहुतांश भार ट्रान्झिस्टरला जाणवतच नाही. ज्याने साधन घडवले त्यानेच त्याची मर्यादा मांडावी, हे या संशोधकाच्या कारकिर्दीतील विशेष मोलाचे पान आहे.

व्यवहारात दोन अडचणी टिकून आहेत : द्रवात बुडालेल्या सूक्ष्म चकतीचे जलरोधक वेष्टन आणि वाचनाचे मंद सरकणे. ऑक्साइडचा पृष्ठभाग पाण्यात हळूहळू बदलत राहिल्याने स्थिर विद्रावातही वाचन सरकत जाते. दीर्घकाळ रक्तातील पीएच मोजण्याच्या प्रयत्नांत हाच मोठा अडसर ठरला. काच फुटण्याचा धोका पत्करता येत नाही अशा अन्नप्रक्रियेत आयएसफेटचे पीएचमापक वापरले जातात.

सरकण्याचा दोष जिथे जवळजवळ निष्प्रभ होतो, असा उपयोग डीएनएचा अनुक्रम वाचण्यात सापडला. वाढत्या साखळीला एक न्यूक्लिओटाइड जोडला गेला की एक हायड्रोजन आयन मुक्त होतो. जोनाथन रॉथबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्णन केलेल्या चकतीवर सुमारे १२ लाख संवेदक होते आणि प्रत्येकावरील सूक्ष्म कूपात हा क्षणिक बदल, सुमारे ०.०२ पीएच एकक, टिपला जाई. काही सेकंदांत संपणारा फरकच मोजायचा असल्याने तासांच्या मापाने होणारे सरकणे येथे आड येत नाही. संदर्भ विद्युत् अग्र मात्र येथेही लागते. लाखो संवेदकांवरून वाहणाऱ्या द्रवासाठी ते एकच पुरते.